खाटेजवळ आलेला माणूस कोण?

(पाटोदा येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



आज बचतीवर बोलायचं नाही, कर्जावरही नाही. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे ना, त्यातला एकच तुकडा मी आज घेतलाय. आपलं माणूस दवाखान्यात भरती झालं की त्याच्या खाटेजवळ दिवसभरात कोण कोण येतं, त्यातला कोण काय करू शकतो आणि कोणाला काय विचारायचं, एवढंच.

मागच्या वर्षभरात कोण कोण पेशंटच्या उशाशी बसलं होतं, हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात. कोणाची सासू, कोणाच्या जावेचं बाळंतपण, कोणाच्या नवऱ्याचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडलेला. उशाशी बाईच बसते. पुरुष बिलाच्या खिडकीपाशी, नाहीतर चहाच्या टपरीवर. म्हणजे पेशंटला रात्री किती वेळा उलटी झाली, लघवी झाली का नाही, ताप कधी चढला, हे सगळं माहीत असतं बाईला. आणि डॉक्टर राउंडला आले की बोलतो कोण? पुरुष.

मी तीस वर्षांच्या वर वॉर्डात सिस्टर म्हणून काम केलं. आधी सरकारी, नंतर खासगी. एक गोष्ट हजार वेळा पाहिली. पांढरा ॲप्रन घातलेला कोणी आला की बाई उठून उभी राहते, पदर सावरते, ‘डॉक्टरसाहेब’ म्हणते आणि पहिल्यापासून सगळी कहाणी सांगते. ज्याला सांगितली तो असतो रक्त घ्यायला आलेला लॅबचा मुलगा. तो मान हलवतो, नळीत रक्त भरतो आणि जातो. तासाभरानं खरे डॉक्टर येतात, तेव्हा बाई गप्प. तिला वाटतं, सांगून झालंय. डॉक्टरांपर्यंत ते गेलेलंच नसतं. तिला दोष देण्यात अर्थ नाही. कोण कोण आहे हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

तर आता एक एक ओळखून घेऊ.

आपल्या ग्रामीण रुग्णालयात ओळखीचीच माणसं असतात, तिथं फार अडत नाही. अडतं ते पुढं पाठवल्यावर. बीडचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात एका खाटेभोवती दहा ॲप्रन उभे राहतात. त्यातले काही शिकणारे विद्यार्थी. ते प्रश्न विचारतात, पोट दाबून बघतात, पण औषध लिहीत नाहीत. काही इंटर्न, म्हणजे परीक्षा पास झालेले आणि वर्षभर काम शिकणारे. मग निवासी डॉक्टर. ते एमबीबीएस झालेले असतात, पुढचं शिकत असतात, आणि रात्रंदिवस वॉर्डात खरे तेच असतात. त्यांच्या वर लेक्चरर, प्राध्यापक, आणि सगळ्यांत वर युनिटचे प्रमुख. हा ‘युनिट’ शब्द पक्का ध्यानात ठेवा. मेडिकल कॉलेजात पेशंट कोणत्या तरी युनिटच्या नावावर भरती होतो आणि ते केस पेपरवर लिहिलेलं असतं. ‘आम्ही कोणत्या युनिटला? त्यांचा राउंड कधी?’ एवढं विचारलं की तुमचा निम्मा गोंधळ मिटला. नाहीतर दुसऱ्याच युनिटच्या डॉक्टरांच्या मागं माणूस दोन दिवस फिरतं आणि ते म्हणतात, हा आमचा पेशंट नाही.

खासगी दवाखान्याची गोष्ट वेगळी. पाटीवर ज्यांचं नाव ते मोठे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ राउंडला येतात. मधल्या वेळेत आणि रात्री असतात आरएमओ. ते बऱ्याच ठिकाणी बीएएमएस नाहीतर बीएचएमएस असतात. त्यांना कमी लेखू नका, रात्री दोन वाजता धावत येणारे तेच असतात. पण ते आपल्या मनानं किती करू शकतात आणि मोठ्या डॉक्टरांना फोन कधी लावतात, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सिस्टरांचंही तसंच. जीएनएम म्हणजे तीन वर्षं शिकलेली, एएनएम म्हणजे दोन वर्षं. आणि काही छोट्या दवाखान्यांत काहीच न शिकलेली, पण ड्रेस घातलेली पोरगीही असते. लेकरू गुणी असतं, इंजेक्शन द्यायलाही शिकलेलं असतं. पण सलाईनमध्ये कोणतं औषध किती वेगानं जायला पाहिजे हे तिला कोणी शिकवलेलं नसतं.

आता या सगळ्यांत एक नवं नाव येऊ लागलंय, त्याच्यासाठीच मी आज मुद्दाम उभी आहे. ‘फिजिशियन असिस्टंट’, कुठं ‘फिजिशियन असोसिएट’ म्हणतात. छातीवरच्या पाटीवर ‘पी. ए.’ लिहिलेलं असतं. आपल्या भागात अजून फारसे दिसत नाहीत, मोठ्या शहरांतल्या हृदयाच्या दवाखान्यांत जास्त. पण आपल्या तालुक्यातले पेशंट बायपासला पुण्याला जातातच ना?

हा माणूस डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. डॉक्टरांच्या हाताखाली, त्यांच्या देखरेखीत काम करायला शिकवलेला सहायक आहे. राउंडच्या आधी येऊन तो पेशंटला तपासतो, रात्री काय झालं ते विचारतो, रक्ताचे रिपोर्ट गोळा करतो, सगळं मांडून डॉक्टरांपुढं ठेवतो. ऑपरेशनमध्ये मदत करतो. डिस्चार्जचा कागद तयार करतो, घरच्यांना औषधं समजावून सांगतो. डॉक्टर दिवसाला पाच मिनिटं देत असतील, तर हा अर्धा तास देतो. म्हणून पेशंटला तोच जवळचा वाटतो.

ही रीत निघाली अमेरिकेत. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी चार जणांना घेऊन पहिला वर्ग काढला. ती नौदलात जखमींची मलमपट्टी, उपचार करून आलेली माणसं होती. हाताला काम माहीत होतं, पण कागदाला किंमत नव्हती, आणि डॉक्टर तर कमी पडत होते. आपल्या देशात १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशस्त्रक्रिया करणारे डॉ. के. एम. चेरियन यांनी हे शिक्षण सुरू केलं. पुढं बरीच वर्षं याला कायद्याचा आधारच नव्हता. २०२१ मध्ये संसदेनं सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात दहा गट पाडलेत, फिजिओथेरपी, एक्सरे, लॅब असे. त्यातल्या एका गटात फिजिशियन असोसिएट आहे.

हे चांगलं की वाईट? मला तर चांगलं वाटतं. आणि डॉक्टर नसलेली माणसं किती मोठं काम करतात हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरजही नाही. सौताडा ओलांडलं की जामखेड. तिथं १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी गावोगावच्या बाया निवडल्या. त्यात कित्येक निरक्षर, कित्येक दलित समाजातल्या. त्यांना बाळंतपण, लेकरांचं वजन, जुलाबावर काय करायचं, हे सगळं शिकवलं. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार नव्हत्या, तिथं या बायांनी काम उभं केलं. १९७९ मध्ये आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिकडं गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना आरोग्यदूत केलं, नवजात बाळाला इंजेक्शन द्यायलासुद्धा शिकवलं. त्याचा अभ्यास १९९९ मध्ये जगात छापून आला. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले होते. आपल्या आशाताई आज बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारतात, त्याचं मूळ तिथं आहे.

पण जामखेडच्या बाईचं काम का टिकलं, ते बघा. गावात सगळ्यांना माहीत होतं ही कोण आहे. ती अमकीची सून आहे, डॉक्टरीण नाही. आणि तिला स्वतःला माहीत होतं की कुठं आपलं काम संपतं आणि कुठं गाडी काढून पेशंट डॉक्टरांकडं न्यायचा. या दोन गोष्टी असल्या तर सहायक म्हणजे सोनं. नसल्या तर जीव जातो.

आणि गेलाय. इंग्लंडसारख्या देशात गेलाय. २०२२ मध्ये लंडनला एका तिशीतल्या मुलीची पोटरी दुखत होती, पुढं दम लागायला लागला. ती दोनदा दवाखान्यात गेली. दोन्ही वेळा तिला तपासलं ते फिजिशियन असोसिएटनं. पायात झालेली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती, ते ओळखलं गेलं नाही. मुलगी गेली. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की आपल्याला डॉक्टरनं तपासलंय. पुढं तिकडं मोठा गदारोळ झाला, सरकारनं चौकशी बसवली. जुलै २०२५ मध्ये अहवाल आला. या लोकांना ‘असोसिएट’ न म्हणता ‘असिस्टंट’ म्हणा, ज्या पेशंटचं निदान झालेलं नाही असा नवा पेशंट त्यांनी एकट्यानं बघू नये, आणि ते वेगळे ओळखू येतील असे कपडे, पाटी द्या, असं त्यात सुचवलंय. इंग्लंडातली शिकलेली मुलगी फसली, तर आपण कोण?

पण हक्क आपल्याकडंही आहे, फक्त तो भिंतीवर राहतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं रुग्णहक्कांची सनद तयार केली आहे. तिच्यात लिहिलंय की आपल्यावर उपचार करणारा प्रत्येक जण कोण आहे, त्याचं पद काय, आणि आपल्या उपचाराची मुख्य जबाबदारी कोणत्या डॉक्टरांवर आहे, हे जाणून घ्यायचा पेशंटला आणि त्याच्या जवळच्या माणसाला हक्क आहे. भरती असताना आणि डिस्चार्जनंतर कागदपत्रांची प्रत मागायचा हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचा हक्क आहे. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर जवळ दुसरी बाई असायला पाहिजे, हाही हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी खासगी दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलंय. पुढच्या वेळी गेलात की बघा. बहुतेक कॅलेंडरच्या मागं असते.

विचारायचं कसं? भांडून नाही. मी सिस्टर होते, मला माहीत आहे. रात्री चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर असताना कोणी वरच्या आवाजात ‘तू कोण?’ म्हटलं की डोकं फिरतं. असं म्हणा, ‘ताई, तुमचं नाव काय? तुम्ही सिस्टर का डॉक्टर? म्हणजे मला काय सांगायचं ते नीट सांगता येईल.’ यावर चिडणारं माणूस मी क्वचितच पाहिलं. सहायक असेल तर त्याला पुढचा प्रश्न, ‘तुम्ही कोणत्या डॉक्टरांबरोबर काम करता? हे त्यांना कळवलंय का?’ हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण सहायकाचं सगळं काम डॉक्टरांच्या नावावर उभं असतं. कळवलंय म्हणाला तर कधी, काय म्हणाले, तेही विचारा.

आणि काही गोष्टींत कोणी कितीही गोड बोललं तरी थांबायचं नाही, डॉक्टरच बोलवा म्हणायचं. बाळंतपणानंतर तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय. दम लागतोय. माणूस गुंगीत जातंय, हाक मारली तर ओ देत नाही. अंगाला थंडगार घाम सुटलाय. झटके आलेत. ऑपरेशननंतर कितीतरी तास लघवीच नाही. रक्त चढवायला लावलं आणि हुडहुडी भरली, अंगावर पित्त उठलं, तर पहिल्यांदा सिस्टरला हाक मारून ते बंद करायला लावा, मग डॉक्टर. आणि एक सांगते, राग मानू नका. सलाईनचं चाक आपल्या हातानं फिरवू नका. ‘लवकर संपलं तर लवकर घरी जाऊ’ म्हणून रात्री चाक मोकळं करणाऱ्या बाया मी पकडल्यात. हृदयाच्या नाहीतर किडनीच्या पेशंटला त्यानं छातीत पाणी होतं.

आता आपल्या जिल्ह्याचं दुखणं. बोलायला अवघड आहे, पण इथं सगळ्या बायाच आहोत. गर्भपिशवी. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांची गोष्ट देशभर गाजली. नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ऐंशी हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या किती जणी तिशी-चाळिशीच्या! त्यानंतर खासगी दवाखान्याला पिशवी काढायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू केली. मुकादम, उचल, पाळीच्या दिवसाचा खाडा, ही कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, मी ती सांगत बसत नाही. माझा मुद्दा वॉर्डाचा आहे. त्या बायांशी मी बोलले तेव्हा एकच प्रश्न विचारायची, ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल, असं तुला कोण म्हणालं?’ उत्तर यायचं, ‘दवाखान्यातला माणूस.’ कोण माणूस? नाव माहीत नाही, पद माहीत नाही, कागद नाही. अंगाचा एवढा मोठा तुकडा काढला आणि सांगणारा कोण ते माहीत नाही. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घ्या, कॅन्सरची तपासणी केली का विचारा, आणि दुसऱ्या सरकारी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सहीचा अंगठा देऊ नका.

योजनेचं काम असेल तर तिथं आणखी एक माणूस असतो, आरोग्यमित्र. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जे दवाखाने आहेत तिथं त्याचं टेबल असतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, पण योजनेत बसणारेच. तो उपचार सांगणारा नाही, कागदाचा माणूस आहे. त्याच्याशी आजाराची चर्चा नको, ‘आमची मंजुरी आली का, आमच्याकडून पैसे कशाचे मागतात’ हे विचारा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं फुकट आहे, २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात. तरी मुलगा झाला की पेढ्याचे पैसे मागणारे हात पुढं येतातच. मुलगी झाली की कमी मागतात, त्याचाही मला राग यायचा.

हे सगळं ध्यानात कसं राहणार? राहणारच नाही. म्हणून वही. आपण गटाचं इतिवृत्त लिहितो ना, तशीच पेशंटची वही. ज्या बाईला लिहिता येत नाही तिनं लेकीकडून, शेजारच्या खाटेवरल्या पोराकडून लिहून घ्यावं. पहिल्या पानावर घरी चालू असलेल्या गोळ्या, कोणत्या औषधाची रिॲक्शन आली होती ते, युनिटचं नाव, मुख्य डॉक्टरांचं नाव. पुढं रोजचं एक पान. कोण आलं, त्याचं पद, काय म्हणाला. ताप, लघवी, उलटी, जेवण. सरकारी दवाखान्यात पाळी बदलते सकाळी आठला, दुपारी दोनला, रात्री आठला. बदलीच्या वेळीच गोष्टी सुटतात. गेलेल्या सिस्टरला सांगितलेलं आलेल्या सिस्टरपर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून नवी पाळी आली की वही उघडून आपणहून सांगायचं. मी वॉर्डात असताना अशी वही ठेवणारी बाई दिसली की मलाच आधार वाटायचा.

एका ताईनं मघाशी चिठ्ठी दिली, ‘मुलगी बारावी सायन्सला आहे, हा फिजिशियन असिस्टंटचा कोर्स लावू का?’ लावा, पण डोळे उघडे ठेवून. हा पदवीचा कोर्स आहे, इंटर्नशिप धरून चार वर्षांचा. सहा महिन्यांत, वर्षात ‘डॉक्टर असिस्टंट’ करून देतो म्हणणारी पाटी दिसली तर पैसे भरू नका. कॉलेज कोणत्या विद्यापीठाला जोडलंय, स्वतःचं हॉस्पिटल आहे का, खाटा किती, मुलींना वॉर्डात खरं काम शिकवतात का, हे जाऊन बघा. मागच्या वर्षी पास झालेल्या दोन मुलींचे नंबर मागा आणि त्यांना पगार विचारा. आणि मुलीला एक सांगून ठेवा, या कामात सही डॉक्टरांची चालते, आपल्या नावानं दवाखाना टाकता येत नाही. तिला स्वतःचं काहीतरी उभं करायचं असेल तर बीएस्सी नर्सिंगचा रस्ता बघा. तिकडून उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं, गावाजवळ राहून.

वहीचा नमुना मी अध्यक्षताईंकडं दिलाय, झेरॉक्स काढून प्रत्येक गटाला एक द्या. दसऱ्यानंतर ज्या तोडीला निघतील त्यांच्या बोचक्यात ती वही आधी जाऊ द्या, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुन्या रिपोर्टच्या पिशवीबरोबर. आणि गटातली जी कोणी सध्या दवाखान्यात कोणाजवळ बसलेली आहे, तिला आज संध्याकाळी फोन करा.